बाई काढली तर फोटो चांगला होईल

"फोटो उत्तमच आहे. फक्त ती बाई काढली तर स्पर्धेला पाठवता येईल."

नागपुरातल्या एका छायाचित्रण मंडळाच्या मासिक बैठकीत माझ्या मैत्रिणीच्या फोटोबद्दल हे वाक्य बोललं गेलं. बोलणारे गृहस्थ ज्येष्ठ, सौम्य स्वभावाचे, नव्या माणसाला मदत करणारे. त्यांच्या मनात बाईबद्दल वाईट काहीच नव्हतं. विभाग होता निसर्गदृश्यांचा, आणि निसर्गदृश्यात माणूस येऊ नये, आलाच तर ठिपक्याएवढा यावा, असा तिथला संकेत. फोटोत भंडारा जिल्ह्यातल्या एका तलावाची पाळ होती. मागे पिवळं पडत चाललेलं धान, सकाळचं धुकं, आणि पाळीवर डोक्यावर गवताचा भारा घेऊन उभी असलेली एक बाई. ती ठिपक्याएवढी नव्हती आणि सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती.

मैत्रीण गप्प बसली. मी मंडळाची सभासद नाही, पाहुणी म्हणून गेले होते, तरी विचारलं, "काढायची म्हणजे कशी?" ते म्हणाले, "अहो ताई, आता संगणकावर दोन मिनिटांत निघते. मागचं गवत आपोआप भरून येतं."

त्या दोन मिनिटांबद्दल मला लिहायचं आहे. पण त्याआधी आम्ही त्या पाळीवर कशा पोचलो ते सांगायला हवं, कारण त्यातही सांगण्यासारखं बरंच आहे.

कोजागिरीच्या आठवड्यात आम्ही चौघी जणी चार दिवस भंडारा जिल्ह्यात फिरलो. एक शाळेत शिक्षिका आहे, तिला फोटोग्राफीचं वेड. एक वकील, आमच्या संघटनेच्या केसेस बघते. एक निवृत्त परिचारिका, आणि चौथी मी. वर्षभर भिशी लावून आम्ही एक मोटारहोम भाड्याने घेतलं होतं. मोटारहोम म्हणजे फार काही नाही. ट्रॅव्हलर गाडीच्या आत चार झोपायच्या जागा, एक गॅसची शेगडी, हात धुवायचं भांडं आणि कपाटाएवढा संडास. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून या गाड्यांची नावं आपल्याकडे ऐकू येऊ लागली. हॉटेल नसेल तिथे, तलावाकाठी, जंगलाच्या कडेला गाडी उभी करायची आणि पहाटेचा उजेड आयता दारात मिळवायचा, ही फोटो काढणाऱ्यांना पर्वणीच.

आपल्यातल्या काही जणी इथेच नाक मुरडतील, हे मला ठाऊक आहे. मीही मुरडलं असतं. दहाएक वर्षं मी कामानिमित्त भंडारा जिल्ह्यात जाते आहे. बचत गटाचं प्रशिक्षण, एखाद्या मुलीची केस, सर्वेक्षण, मोर्चा. काम नसताना मात्र एकदाही गेले नव्हते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉयटर' हे पुस्तक २०११ मध्ये आलं. बाईला काही कारण नसताना सार्वजनिक जागेत रेंगाळता आलं पाहिजे, हा तिचा हक्क आहे, असं त्यांनी त्यात मांडलं. ते मुंबईबद्दल होतं. ते वाचून आम्ही त्यावर चर्चासत्रं घेतली, आणि चर्चासत्रालाही शेवटी कामासाठीच गेलो. बिनकामाचं फिरणं हा पैसेवाल्यांचा चाळा आहे असं आपण फार सहज म्हणून टाकतो, आणि तसं म्हणताना आपल्या घरातल्या पुरुषांचं पानठेल्यावरचं रोजचं रेंगाळणं हिशेबात धरत नाही.

गाडीच्या मालकाकडेच पहिला धडा मिळाला. आमच्यातल्या दोघींकडे परवाना आहे, एक गेली वीस वर्षं गाडी चालवते. मालक म्हणाला, बायकांच्या हातात गाडी देत नाही, ड्रायव्हर घ्यावाच लागेल. पुरुषांनाही घ्यावा लागतो का, असं वकील मैत्रिणीने विचारलं. तो हसला आणि पावती फाडू लागला. ड्रायव्हर मात्र चांगला माणूस निघाला. दुसऱ्याच दिवशी त्याने आमचा स्वयंपाक बघून शेगडीचा ताबा घेतला आणि झिंग्याची अशी भाजी केली की आम्ही निमूट बाजूला झालो. हे बरंच झालं म्हणायचं. नाहीतर मोटारहोमची सगळी गंमत म्हणजे बाईने सुट्टीवर जातानाही स्वयंपाकघर बरोबर घेऊन जायचं! या गाड्यांच्या जाहिराती पाहा. नवरा खुर्चीत बसून सूर्यास्त बघतो आणि बायको आत चहा करते.

सरकारचंही काही वेगळं नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्राने खास स्त्रियांसाठी पर्यटन धोरण जाहीर केलं. पर्यटन व्यवसाय करू पाहणाऱ्या स्त्रियांना १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज मिळावं अशी त्यात तरतूद आहे. ती चांगलीच आहे, आपल्या गटांनी तिची माहिती करून घ्यायला हवी. पण धोरणाचं नाव काय, तर 'आई'. घराबाहेर पडलेल्या बाईलाही आई म्हटल्याशिवाय सरकारला चैन पडत नाही.

पहिल्या रात्री साकोलीच्या अलीकडे एका तलावाजवळ गाडी लावली. चांदणं पडलं होतं. भुलाबाईची गाणी आम्हा नागपूरकडच्या मुलींना पाठ असतात, ती आठवून आठवून म्हणत होतो, तेवढ्यात गस्तीवरचे दोघे जण आले. त्यांचा पहिला प्रश्न "सोबत कोण आहे?" आम्ही चौघी आहोत म्हटल्यावर पुन्हा तोच प्रश्न. ड्रायव्हर पुढे आला तेव्हा त्यांचं समाधान झालं आणि पुढचं सगळं बोलणं ते त्याच्याशीच बोलले. त्यांचा हेतू आमच्या सुरक्षेचाच होता, हे मान्य. पण साठीची परिचारिका, चाळिशीची वकील आणि आम्ही दोघी मिळून चार जणी म्हणजे 'सोबत' होत नाही, हे त्या रात्री लेखी मिळाल्यासारखं झालं.

आता शरद ऋतूबद्दल. पाऊस ओसरला की हवेतली धूळ बसलेली असते, आकाश धुतल्यासारखं असतं, सकाळ-संध्याकाळचा उजेड तिरपा आणि सोनेरी पडतो. वैनगंगेच्या काठाने काशाचे पांढरे तुरे फुललेले असतात. हलक्या जातीचं धान पिवळं पडत आलेलं, भारी धान अजून हिरवं, आणि मध्ये तलावांची पाण्याने भरलेली ताटं. भंडारा हा तलावांचा जिल्हा. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला तेव्हा तलावांचीही वाटणी झाली, तरी शेकड्याने तलाव इकडे उरलेच. सारस हा उंच पक्षी राज्यात जवळपास याच दोन जिल्ह्यांत उरला आहे, त्यामुळे मोठमोठ्या भिंगांचे कॅमेरे घेऊन लोक दुरून येतात आणि बांधीच्या धुऱ्यावर तासन् तास पोटावर पडून राहतात. आम्हालाही असे तिघे भेटले. सारस धानाच्या बांधीत घरटं करतो. ती बांधी कुणाची, असं आम्ही त्यांना विचारलं. त्यांना माहीत नव्हतं.

या सगळ्याला 'निसर्ग' म्हणतात, तिथेच माझी हरकत सुरू होते. हे तलाव निसर्गाने दिलेले नाहीत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या जाणकारांनी जमिनीचा उतार बघून पाळी घातल्या, पाणी अडवलं, पाट काढले. पुढे मालगुजार आले म्हणून 'मालगुजारी तलाव' हे नाव पडलं. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचे झाले. कोहळ्यांचं, मालगुजारांचं, सरकारचं नाव इतिहासात आहे. पाळीवर टोपल्या टोपल्या माती कुणी वाहिली, त्यांचं नाव नाही, आणि त्यात निम्म्या तरी बाया असणार हे सांगायला इतिहासकार लागत नाही. आजही रोजगार हमीच्या कोणत्याही कामावर टोपली कुणाच्या डोक्यावर असते ते बघावं. धानाचंही तेच. आम्ही ज्या हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांवर भाळलो होतो, तो प्रत्येक पट्टा जुलै-ऑगस्टमध्ये बायांनी चिखलात वाकून, एकेक रोप हाताने लावून तयार केलेला होता. इकडे त्याला रोवणी म्हणतात. रोवणीच्या दिवसांत पाठ, बोटांमधल्या चिखल्या आणि अंगावरचं पांढरं जाणं यांच्या तक्रारी घेऊन बाया आमच्या आरोग्य शिबिरांत येतात. त्या दिवसांत कॅमेरेवाले येत नाहीत. आभाळ भरलेलं असतं, उजेड चांगला नसतो.

म्हणजे ज्याला आपण निसर्गदृश्य म्हणतो ते बाईच्या हातचं काम आहे. ते पूर्ण झालं, सुंदर दिसू लागलं की आपण कॅमेरा घेऊन येतो आणि तिला म्हणतो, जरा बाजूला हो.

खरं तर म्हणावंही लागत नाही. या चार दिवसांत मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे. आम्ही कॅमेरा उचलला की बाया आपणहून बाजूला होत. पाळीवर धुणं धुणारी एक मावशी हातातलं पातळ तसंच पिळत उठली आणि म्हणाली, "सरकतो वो बाई मी बाजूले. तुमाले तलाव पायजे ना?" तिला कुणीतरी आधी कधीतरी सरकवलं असणार. मैत्रीण म्हणाली, "नाही मावशी, तुम्ही राहा." तेव्हा तिने संशयाने पाहिलं. "फोटू कायचा होय मग? लाडक्या बहिनीचा?"

या प्रश्नावर आम्ही हसलो, पण मला मागाहून हसू आलं नाही. गावातल्या बाईचा फोटो निघतो तो योजनेसाठी. लाभार्थी म्हणून, घरकुलासमोर, शौचालयाच्या दारात, शिलाई मशीनसह. आणि तो काढतं कोण? आम्ही. एम.एस.डब्ल्यू. करताना क्षेत्रकार्याच्या अहवालाला फोटो जोडावेच लागत, आणि तेव्हापासून मी असे शेकडो फोटो काढले असतील. बाया ओळीने उभ्या, पुढे फलक, मागे समाजमंदिराची भिंत. निधी देणाऱ्या संस्थेला फलक वाचता यायला हवा. त्या फोटोंत बाई कुठे राहते, काय पिकवते, तिच्या गावाचं आभाळ केवढं आहे, यातलं काहीही नसतं. छायाचित्रण मंडळाच्या चित्रात जमीन असते आणि बाई नसते. आपल्या अहवालात बाई असते आणि तिच्या पायाखाली जमीन नसते. एकमेकांना नावं ठेवणाऱ्या या दोन जाती मिळून एकच काम करत आल्या आहेत, असं मला आता वाटतं. 'लोकजीवन' विभागातले फोटो तिसरे. तिथे बाई हवी असते, पण सुरकुतलेली, मोठं कुंकू लावलेली, नऊवारीतली.

हे काही आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत मंदीच्या काळात डोरोथिया लँग हिने १९३६ मध्ये काढलेला स्थलांतरित मजूर आईचा फोटो जगभर गेला. ती सरकारी खात्यासाठीच काम करत होती, आणि तिच्या कळवळ्याबद्दल शंका नाही. पण तिने त्या बाईचं नाव विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स थॉम्पसन हे नाव लोकांना कळलं १९७८ मध्ये, आणि त्या फोटोने आपल्याला काही दिलं नाही असं त्या बाईने स्पष्ट सांगितलं. उलट बाजूला सॅम्युअल बोर्न. या इंग्रज छायाचित्रकाराने १८६० च्या दशकात हिमालयाचे अप्रतिम फोटो काढले. काचेच्या जड पेट्या, रसायनं, तंबू असं सगळं सामान डझनावारी हमालांनी पाठीवर वाहून नेलं. फोटोतला हिमालय मात्र शांत, निर्मनुष्य.

दुसऱ्या सकाळी त्याच पाळीवर एक ढिवर समाजाची बाई भेटली. तलावात एका बाजूला गुलाबी-जांभळ्या फुलांचा ताटवा होता, उन्हात इतका सुरेख दिसत होता की आम्ही तिघी तिकडेच वळलो होतो. ती म्हणाली, "ते बेशरम हाये ना बाई. मासोळीले जागाच नाई ठेवत." ही बेशरमाची झुडपं तलावात माजली की पाणी उथळ होतं, माशांचा चारा असलेल्या पाणवनस्पती जातात, मासे जातात, आणि माशांवर जगणारं घर उपाशी राहतं. मासे पकडायला पुरुष जातात, पण ते विकायला पाटी डोक्यावर घेऊन गावोगाव बाईच फिरते. मच्छीमार सहकारी संस्थांचे सभासद मात्र बहुतेक पुरुषच. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने भंडारा-गोंदिया भागात ढिवर बायांना बरोबर घेऊन तलावांतली बेशरम उपटण्याचं आणि मूळच्या पाणवनस्पती लावण्याचं काम केलं आहे, ते आपल्या वाचकांपैकी काहींना माहीत असेल. मला त्या कामाबद्दल माहिती होती. तरीही डोळ्यासमोर फुलं आली तेव्हा मी फुलंच पाहिली. त्या बाईने पाहिली ती बुडीत गेलेली मासोळी. त्या ताटव्याचा फोटो स्पर्धेत नक्की बक्षीस मिळवेल.

तिसऱ्या दिवशी मोहाडी तालुक्यातून जात होतो. रस्त्यावरच्या पाटीवर गावांची नावं येत होती आणि गाडीत आपोआप शांतता झाली. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. २९ सप्टेंबर २००६. दसऱ्याच्या तीन दिवस आधी, नागपुरात धम्मदीक्षेच्या पन्नासाव्या वर्षाची तयारी चालू असताना, याच तालुक्यातल्या खैरलांजीत सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियांका आणि मुलगे रोशन व सुधीर यांना जमावाने ठार केलं. मृतदेह कालव्यात सापडले. मी तेव्हा शाळेत होते. घरात मोठी माणसं बोलता बोलता आम्ही आलो की थांबत, हे आठवतं. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवून सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती २५ वर्षांच्या जन्मठेपेत बदलली. जातीय अत्याचाराचा कायदा या प्रकरणात लागू झाला नाही, आणि बाईच्या अंगावर काय केलं गेलं त्याचाही न्याय झाला नाही, हे आपल्या चळवळीने तेव्हाही म्हटलं होतं.

सुरेखाबाईंच्या नावाशी आपण ती क्रूरता जोडून ठेवली आहे. वाद मात्र सुरू झाला होता जमिनीवरून. त्यांच्या शेतातून इतरांना वाट हवी होती, आणि त्या आपल्या जमिनीसाठी ठामपणे उभ्या राहिल्या होत्या. पुढे एका मारहाणीच्या प्रकरणात त्यांनी आणि प्रियांकाने साक्ष दिली. धुरा, पांदण, बांधी, कालवा. फोटोत ज्या रेषा आपण 'रचना' म्हणून बघतो, त्या याच. दलित बाईच्या जमिनीवरची अशी एक रेषा पुसायची म्हणून केवढं काय झालं!

कालव्याच्या कडेने गाडी चालली होती. हाच तो कालवा का, असं आम्ही कुणाला विचारलं नाही. ऊन कलतं होतं, पाणी सोन्यासारखं दिसत होतं. मैत्रिणीने कॅमेरा मांडीवर घेतला आणि परत पिशवीत ठेवला. यावर आमच्यात वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. परिचारिका म्हणाली, इथे फोटो काढणं हे पाप आहे. वकील मैत्रीण चिडून म्हणाली, "काढायलाच पाहिजे. तुम्ही नाही काढला तर उद्या कुणीतरी काढेल आणि खाली लिहील, शरदातली संध्याकाळ." माझं मत अजून पक्कं होत नाही. फोटो निघाला नाही एवढं खरं.

संडासाबद्दल लिहिलं नाही तर हा लेख खोटा होईल. गाडी कुठल्याही गावाजवळ थांबली की बाया जमत, आणि आत बघायची त्यांना उत्सुकता असे ती शेगडीची नाही, खाटांची नाही. "आतमंधी संडास हाये म्हन्ते, खरं का?" दार उघडून दाखवलं की काही क्षण शांतता. एका म्हातारीने कडी आतून लावून बघितली, उघडली, पुन्हा लावली. घरोघरी शौचालयं झाल्याच्या याद्या आहेत, पण शेतावर, मजुरीच्या जागी, एस.टी. थांब्यावर, बाजारात? मुंबईत २०११ मध्ये 'राईट टू पी' मोहीम सुरू झाली तेव्हा काही लोकांनी नावाची टिंगल केली होती. भंडाऱ्याच्या बांधीतली बाई त्यासाठी सकाळपासून पाणी कमी पिते, आणि मग आमच्या शिबिरात लघवीच्या जळजळीची तक्रार सांगते. मोठमोठ्या कॅमेऱ्यांसाठी एक गाडी संडास घेऊन तिच्या शेताजवळ येऊ शकते, मग तिच्यासाठी का नाही, हा प्रश्न तिने विचारला नाही. तो मला पडला.

आता दुसरी बाजू. तिसऱ्या रात्री त्या संडासाची टाकी भरली. ड्रायव्हर म्हणाला, हे माझं काम नाही, आणि त्याचं बरोबरच होतं. मग आमच्यातलीच एक, नाव नाही सांगत, पण मी नव्हे असं म्हणायलाही जीभ कचरते, म्हणाली, "गावात कुणी मिळेल की, दोनशे रुपये देऊ." कुणी म्हणजे कोण? हाताने मैला साफ करायला लावण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, त्यावर आम्ही पथनाट्यं केली आहेत. वाक्य हवेत राहिलं आणि चौघींनाही ते ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी लाखांदूरच्या वाटेवर ओळखीच्या एका कार्यकर्तीच्या घरी, तिच्या परवानगीने, आम्ही स्वतः ती टाकी तिच्या शौचालयात रिकामी केली आणि धुतली. फार मोठं काही केलं नाही. पण फिरत्या घराच्या जाहिरातीत हा फोटो नसतो.

शेवटचा मुक्काम पवनीजवळ, गोसीखुर्दच्या पाण्याकाठी. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते या धरणाचं भूमिपूजन झालं. आज ३३ दरवाज्यांची ती भिंत आणि मागचं समुद्रासारखं पाणी बघायला लोक येतात, जल-पर्यटनाच्या योजना होत आहेत. पाण्याखाली गावं आहेत. मोबदल्याचे धनादेश निघाले ते सातबारावरच्या नावाने, म्हणजे बहुतेक घरांत पुरुषाच्या. त्या पैशांतून मोटारसायकली आल्या, काही घरांत दारू आली, हे पुनर्वसन झालेल्या गावातल्या बाया आम्हाला बैठकांत सांगत आल्या आहेत. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून बायकोच्या नावे जमीन करायला सांगितलं, १९९२ मध्ये सरकारनेही सातबारावर पत्नीचं नाव लावण्याचा आदेश काढला. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क महाराष्ट्रात १९९४ पासून, देशभर २००५ पासून. कागदावर हे सगळं आहे. धरणाच्या पाण्याचा फोटो काढला तर त्यात यातलं काही दिसणार नाही, आणि पाण्याचा फोटो काढू नये असंही मी म्हणत नाही. पहाटे ते पाणी फार सुंदर होतं. आम्ही खूप फोटो काढले.

कारण फिरणं सोडून द्यावं, कॅमेरा पुरुषांच्या मंडळांकडे ठेवावा, असा याचा अर्थ कुणी काढू नये. होमाई व्यारावाला आठवाव्यात. देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार, पण सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून आले. पुढे त्यांना 'डालडा १३' म्हणत, ते त्यांच्या गाडीच्या नंबरवरून. बाई, कॅमेरा आणि स्वतःची गाडी हे जुळायला आपल्या देशात किती वर्षं लागली आणि किती जणींना ते आजही जुळत नाही! माझं म्हणणं इतकंच आहे की आपण काढू त्या फोटोंत जमीन आणि बाई एकत्र दिसायला हवीत, आणि बाईने नको म्हटलं तर नको. तिघींनी आम्हाला नाही म्हटलं. एक म्हणाली, अंगावरचं लुगडं फाटकं आहे. दुसरीने कारण दिलं नाही.

परत आल्यावर मंडळाच्या बैठकीत जे झालं ते वर सांगितलंच आहे. मैत्रिणीने फोटोतून बाई काढली नाही. फोटो स्पर्धेला गेला नाही. महिन्याभराने कामानिमित्त मी साकोलीकडे गेले तेव्हा त्याची मोठी प्रत बरोबर नेली. गवताचा भारा घेतलेली ती बाई शोधायला अर्धा दिवस लागला. धान कापून झालं होतं, ती चुरण्याच्या कामावर होती. तिने फोटो दोन्ही हातांनी लांब धरून पाहिला. स्वतःकडे तिने क्षणभरच पाहिलं असेल. मग शेजारणीला बोलावून कोपऱ्यातल्या एका जागेवर बोट ठेवलं. तिथे पाळ थोडी खचली होती. दोघी बराच वेळ त्यावर बोलल्या. ग्रामपंचायतीला दाखवायला हा फोटो आपल्याकडे राहू दे, असं म्हणून तिने तो पदराखाली घेतला. आमच्या कार्यालयात लावायला म्हणून आणलेली प्रत तशी गेली.

येत्या जुलैत रोवणीच्या दिवसांत पुन्हा जायचं आहे. मोटारहोम परवडणार नाही, एस.टी.ने जाऊ, २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहेच. उजेड चांगला नसेल आणि चिखल भरपूर असेल. ज्यांच्याकडे कॅमेरा आहे, मोबाइलचा असला तरी चालेल, त्यांनी जूनच्या आत कळवावं. मुक्काम तिथल्या बायांच्या घरी. अर्धा दिवस रोवणीला जावं लागेल.